तक्त्यांची खोली

उमरेड,
गुरुवार, २४ मार्च १९६०

प्रिय उत्तरा,

पाकिटावर लाल शाईने लिहिलेलं आधी वाचलंस ना? हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असेल, तर पाणी पी, दिव्याजवळ बस आणि सावकाश वाच. पण चंपतराव वाटेत कुठे गप्पा मारत रेंगाळले आणि शनिवार उजाडून तू शाळेत उभी असशील, तर पुढची एक ओळसुद्धा वाचू नकोस. पत्र टेबलावर टाक, तक्त्यांच्या खोलीपाशी जा, कडी काढ आणि त्या पोरीला बाहेर आण. मग वाच. तुझ्या पाठाचं काय व्हायचं ते होऊ दे.

हसलीस. मला दिसतंय. मावशीचं डोकं उमरेडच्या उन्हाने फिरलं, असं तुझ्या आईला सांगशील. सांग बापडी. काल तार करायला गेले होते गं. पोस्टातल्या त्या माणसासमोर अर्धा तास फॉर्म घेऊन उभी होते, पण दहा शब्दांत काय लिहिणार? ‘मुलीला खोलीत ठेवू नकोस’ एवढं लिहिलं, आणि तू ते वाचून मैत्रिणींना दाखवशील नि खिदळशील, हे डोळ्यांसमोर आलं. फॉर्म फाडला. शेजारचे चंपतराव दर शुक्रवारी साड्यांचा गठ्ठा घेऊन तुमच्याकडे इतवारीच्या बाजारात जातात, त्यांना गळ घातली. उद्या मी स्वतः त्यांच्याबरोबर येऊ शकले असते, नाही असं नाही. पण तोंडाने हे मला सांगता येत नाही. दिवाळीत दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तू माझ्या ताटात चकल्या वाढत राहिलीस आणि मी त्या खात राहिले.

तुझं आठ पानी पत्र मी किती वेळा वाचलं त्याचा हिशेब नाही. शनिवारी सकाळी साडेसातला शेवटचा पाठ, बाहेरून परीक्षक येणार, विषय ‘पत्राचा प्रवास’, पुठ्ठ्याची लाल पेटी तयार झाली, टाचण तीन वेळा लिहून झालं, बाईंनी त्यावर ‘छान’ असा शेरा दिला. सगळं वाचून ऊर भरून आला. आणि मग सहाव्या पानावर ती शेवटच्या बाकावरची मुलगी. किती रंगवून लिहिलं आहेस तू! वर्गात पेंगते काय, मध्येच उठून भलतंच विचारते काय. ‘आमच्या घरी कोणालेच वाचता येत नाही, मंग डाकवाला आमच्या गल्लीत काहून येते?’ असं तिने सरावाच्या पाठात विचारलं आणि सगळा वर्ग हसला, तुझी पुढची तीन वाक्यं विसरली, बाईंनी कपाळाला आठी घातली. म्हणून शनिवारी तिला तक्त्यांच्या खोलीत खडू मोजायला बसवणार आहेस. वरच्या वर्गातल्या मुलींनीच सुचवलं, सगळ्याच असं करतात, असं तू लिहितेस. बरोबर आहे. सगळ्याच करतात. आम्हीही करत होतो.

आणि तिची आई. तिची तर तू नक्कलच केली आहेस कागदावर. सकाळी मुलीला सोडते आणि घरी जातच नाही. कडुलिंबाखाली, वर्गाच्या भिंतीपाशी उभी राहते, शाळा सुटेपर्यंत. बसत नाही, कोणाशी बोलत नाही, मान वाकडी करून कान भिंतीकडे लावून उभी. मधूनच शिपायाला विचारते, ‘माह्या पोरीचा आवाज येऊन राहिला का गा?’ मुली तिला पहारेकरीण म्हणतात. परीक्षकांसमोर बरं दिसत नाही, म्हणून शनिवारी तिलाही घरी पाठवायचं बाईंनी ठरवलं आहे, आणि ते काम तुझ्यावर सोपवलं आहे. हे वाचून तुझी आई पोट धरून हसली असेल. मी सहावं पान घडी करून उशाखाली ठेवलं आणि दोन दिवस स्वयंपाकघरात काय शिजवलं ते मला आठवत नाही.

तुला माझ्याबद्दल जे माहीत आहे ते आधी लिहिते. तुझी मावशी नॉर्मल स्कूलच्या, म्हणजे शिक्षिका होण्याच्या परीक्षेत पहिली आली. शेवटच्या पाठात तिला जेवढे गुण मिळाले तेवढे त्याआधी कोणाला मिळाले नव्हते. मग लग्न ठरलं आणि तिने नोकरीवर पाणी सोडलं. तुझ्या आईने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आता ती खरीच वाटते. तू शिक्षिका व्हायचं ठरवलंस तेही त्यामुळेच, असं तू एकदा म्हणालीस, आणि मी उठून आत गेले. तुला वाटलं मला नोकरीची आठवण येऊन वाईट वाटलं.

सन एकोणपन्नास. मी तुमच्याकडेच धरमपेठेत राहत होते, तू सव्वाआठ वर्षांची होतीस आणि माझ्या खडूंची चोरी करत होतीस. सरावासाठी मला मिळाली ती तू आता जातेस तीच शाळा, तांडापेठेतली, विणकरांच्या वस्तीला लागून. तीच इमारत, तीच लांब पडवी, आणि पडवीच्या टोकाला पत्र्याच्या छपराची तीच तक्त्यांची खोली. तिच्यावर अजून पत्राच आहे, असं तूच लिहिलंस. नकाशे, पृथ्वीचे मोडके गोल, गुंडाळलेले तक्ते, खडूंची खोकी. एक झरोका, तोही पुठ्ठा ठोकून बंद केलेला, कारण पावसात तक्ते भिजत.

माझ्या तिसरीच्या वर्गात एकतीस मुली होत्या. त्यांतली एक अनुसया. विणकराची पोर. पहाटे उठून घरी सुताच्या कांड्या भरायची आणि मग शाळेत यायची, त्यामुळे दुसऱ्या तासाला तिचे डोळे मिटू लागत. बोटांना रंग लागलेला असे, निळा नाहीतर तांबडा, त्यावरून घरात कोणती साडी मागावर आहे ते कळे. मी तिला मंद म्हणत असे. माझ्या निरीक्षण वहीत तिच्या नावापुढे मी हाच शब्द लिहिला होता. ती वही माझ्याजवळ आहे, हवी तर बघ.

आमच्या वेळेला पाठ देखणा करायच्या काही युक्त्या वरच्या मुली खालच्या मुलींना शिकवून जात. पहिली म्हणजे हाताची. तीही तुमच्यात अजून चालते, हे तुझ्या पत्रावरून कळलं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तिने उजवा, येत नसेल तिने डावा. मागे बसलेल्या परीक्षकांना हातांचं रान दिसतं, आणि आपण उजव्या हातांनाच उठवायचं. आठ दिवस मी मुलींकडून हे घटवून घेतलं, टाळ्या वाजवून, खेळासारखं. मुलींना फार आवडलं. आणि दुसरी युक्ती तुला ठाऊकच आहे. जी मुलगी पाठ बिघडवेल तिला त्या दिवशी काहीतरी काम द्यायचं.

माझा विषय होता ‘कापसापासून कापड’. तेव्हा मूलोद्योगाचे, हातच्या धंद्यातून शिकवायचे वारे जोरात होते, असा विषय घेतला की परीक्षक खूश. मी पंधरा दिवस खपून मोठा तक्ता रंगवला. कापसाचं झाड, बोंड, चरखा, आणि शेवटी माग आणि मागावर बसलेला विणकर. अगं, मी कधी माग बघितलाच नव्हता. शाळेपासून वीस पावलांवर खटखट चालू असायची दिवसभर, पण मला आत जाऊन बघावंसं वाटलं नाही. एका पुस्तकातल्या चित्रावरून आणि बाकी मनाने काढला. शुक्रवारी, म्हणजे पाठाच्या आदल्या दिवशी, मी तो तक्ता वर्गात टांगून पाहत होते. अनुसया झाडू ठेवायला आत आली. बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘बाई, याचे पाय कोठी गेले वं?’

मी विणकराला मांडी घालून बसवलं होतं, जमिनीवर, मागासमोर. तिला हसू आवरेना. ‘पायानंच त माग चालते बाई. खाली खड्डा राहते, त्यात पाय सोडाचे. एक पाय दाबला का अर्धे धागे वर, दुसरा दाबला का बाकीचे. हा मांडी घालून काय करून राहिला? पूजा करून राहिला काय?’ आणि तिने भिंतीवर बोटाने सगळा माग काढून दाखवला मला, खड्डा कुठे, धोटा कसा पळतो, सगळं. त्या पाच मिनिटांत ती जितकी बोलली तितकी वर्षभरात बोलली नव्हती. उत्तरा, तिच्याइतका तो विषय त्या शाळेत कोणालाच येत नव्हता. मला तर नव्हताच.

आता खरं सांगते. मला तिचा राग आला. तक्ता पुन्हा रंगवायला वेळ नव्हता, रंगही संपले होते. उद्या परीक्षकांसमोर ही उठेल आणि म्हणेल, याचे पाय कोठी गेले. वर्ग हसेल. रात्रभर मला तेवढंच ऐकू येत होतं. तुझ्या त्या मुलीच्या डाकवाल्याच्या प्रश्नावर तुला जे वाटलं तेच हे. म्हणून मी वर म्हटलं की मी तिला मंद म्हणत असे. ती मंद होती म्हणून नाही, तिला येत होतं म्हणून मी तिला खोलीत ठेवलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पाडवा होऊन तीन दिवस झाले होते. शनिवार, सकाळची शाळा, सात ते अकरा. मी पावणेसातलाच गेले. तक्त्यांच्या खोलीची किल्ली बाबाराव शिपायाकडून घेतली, कुलूप काढून माझ्या पिशवीत टाकलं, तक्ता बाहेर आणला. मुली अंगणात प्रार्थनेला जमत होत्या. अनुसयेला हाक मारली. म्हटलं, आजपासून तू तक्त्यांची मॉनिटर. आत बसायचं, हे नकाशे राखायचे. मी बोलवेपर्यंत बाहेर यायचं नाही. आणि काही झालं तरी आवाज करायचा नाही, मोठ्या बाई आल्या आहेत, आवाज झाला तर मला शिक्षा होईल. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मॉनिटर कधी कोणी तिला केलंच नव्हतं. ‘नाही करत बाई,’ म्हणाली, ‘चूप राहतो.’ दार वाऱ्याने आपटेल म्हणून बाहेरून कडी लावली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. त्या दिवशी वारा नव्हता.

ते एकाच मुलीने बघितलं. अनुसयेच्या गल्लीतली कौशल्या, तिच्याबरोबरच शाळेत येणारी, प्रार्थनेला उशीर झाला म्हणून पडवीतून पळत होती. मी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. ती मान डोलावून पळाली.

पाठ असा झाला की मला स्वतःचाच हेवा वाटावा. शब्द तोंडून ओघळत होते. विणकर मांडी घालून बसला होता आणि कोणी काही म्हणालं नाही. प्रश्न विचारला की तीस हात वर. फक्त कौशल्येचं काहीतरी चुकत होतं. पहिल्या प्रश्नाला तिने डावा हात वर केला, ठीक. दुसऱ्याला डावा. मग मी प्रश्नच विचारला नव्हता तरी तिचा डावा हात वर. मी कापूस पिंजायचं सांगते आहे, ती हात वर करून बसली आहे. खाली घे म्हणून मी डोळ्यांनी खुणावलं, तिने घेतला, पुन्हा वर केला. शेवटी दंड दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला. डावा म्हणजे येत नाही. मीच शिकवलेलं, त्यामुळे मला तो हात दिसत असून दिसला नाही. परीक्षकबाईंना मात्र दिसला. त्यांचा शेरा असा आहे: ‘वर्ग अत्यंत तत्पर. प्रश्न विचारण्यापूर्वीच मुलींचे हात वर होतात.’ त्या शेऱ्याचे मला जादा गुण मिळाले.

मग गडबड. बाईंनी पाठीवर हात फिरवला, परीक्षकबाईंनी नाव विचारलं, मैत्रिणींनी पेढे मागितले. आम्ही चौघीजणी टांगा करून सीताबर्डीवर फोटो काढायला गेलो. तुमच्या दिवाणखान्यात लावलेला तो फोटो, मी हसते आहे तो. घरी आले तेव्हा बारा वाजून गेले होते. तुला आठवतं का, मी तुला मांडीवर घेऊन पेढा भरवला होता आणि तू माझ्या पदराला हात पुसले होतेस?

जेवणं झाली. तुझ्या आईने पडदे ओले करून खिडक्यांना लावले, तू माझ्या कुशीत येऊन झोपलीस. दोन वाजले असतील. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कोणाचा तरी पत्रा उन्हाने तडतडत होता. त्या आवाजावरून मला आठवलं. पिशवीत कुलूप आहे हे आठवलं, आणि मग तिचा चेहरा. उत्तरा, लोक समजतील मी विसरले. मी विसरले नव्हते. दोन वाजता मला आठवलं. मी उठून बसले. आणि मग मी विचार केला की बाबाराव शाळा बंद करताना फेरी मारतो, त्याने काढलं असेल. कौशल्येने सांगितलं असेल. शाळा सुटल्यावर पोर दार वाजवून बाहेर पडली असेल, एवढी काय ती बावळट नाही. आता जाऊन विचारलं तर उगाच बोभाटा, परीक्षकबाई अजून बाईंकडेच जेवायला असतील. आणि तू माझा हात धरून झोपली होतीस. उठले तर तू जागी होशील, असंही मी स्वतःला सांगितलं. मी पुन्हा आडवी झाले. झोप लागली नाही, पण मी उठले नाही.

रुख्माबाई, म्हणजे तिची आई, त्या दिवशी तयार साड्या पोचवायला गेली होती, ती चारला परतली. पोर घरी नाही, आईबरोबर गेली असेल असं बापाला वाटलेलं. कौशल्येला विचारलं, ती रडायला लागली आणि ‘शाळेत हाये’ एवढंच म्हणाली. बाप आणि बाबाराव यांनी एकेक खोली उघडून पाहिली. शेवटची तक्त्यांची. नकाशे सगळे नीट एकावर एक रचून ठेवले होते, आणि ती दारापाशी पडली होती. जमिनीवर तिने खडूने माग काढला होता, खड्ड्यासकट, आणि माणसाला पाय काढले होते. दोन दिवस ती इस्पितळात होती. डोळे उघडले नाहीत. सोमवारी सकाळी गेली.

मला रविवारी कळलं. सोमवारी शाळेच्या मोठ्या बाईंनी वर्गात येऊन विचारलं, अनुसयेला त्या खोलीत जाताना कोणी पाहिलं? मी फळ्यापाशी उभी होते. कौशल्येने माझ्याकडे बघितलं. मग हळूच हात वर केला. डावा. बाईंनी तिला उठवलं, बोल म्हणाल्या, ती बोलली नाही, माझ्याकडे बघत उभी राहिली. आठ वर्षांची पोर गं. मी तिला शिकवलेलं ती मला करून दाखवत होती, आणि मी खाली बघितलं. बाई म्हणाल्या, घाबरली आहे, बस.

तक्ता काढून किल्ली मी लगेच परत दिली असं मी सांगितलं, आणि चौकशीत ठरलं की मुलगी खेळता खेळता आत गेली आणि शिपायाने आत न बघता कडी लावली. बाबारावाला काढून टाकलं. जाताना तो माझ्यापाशी आला. भांडला नाही, रडला नाही. ‘बाई, मी कुलूप लावतो. नुसती कडी मी कधी लावत नाही. कुलूप कोठी हाये?’ एवढं विचारलं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते कुलूप माझ्या पिशवीत होतं. आज माझ्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली. दरवर्षी साड्यांना ऊन द्यायला काढते तेव्हा ते बाहेर येतं आणि मी पुन्हा आत ठेवते.

तेराव्यानंतर रुख्माबाई शाळेत आली. आम्ही सगळ्या पडवीत उभ्या होतो. ती कोणावर ओरडली नाही. तिने प्रत्येकीला एकच विचारलं, एकेकीसमोर उभी राहून. ‘माही पोर ओरडली असन ना वं बाई? इतक्या जणी होत्या तुमी इथं. कोणालेच आवाज नाही आला?’ सगळ्यांनी नाही सांगितलं. मीही सांगितलं. मग ती भिंतीला कान लावून उभी राहिली, तिथेच, सगळ्यांसमोर, आणि तिच्या नवऱ्याने तिला धरून नेलं. त्यानंतर मी कोणत्याही वर्गात पाय ठेवला नाही. नेमणुकीचा कागद आला तेव्हा मी पहिलं आलेलं स्थळ मान्य करून टाकलं. तुझ्या मावसाजींना वाटतं मी त्यांच्या फोटोवर भाळले.

एवढं वाचून तुला वाटेल, मावशी घाबरली आहे, मला सावध करते आहे. तेवढंच असतं तर तारही चालली असती. तू सहाव्या पानावर त्या मुलीचं हजेरीतलं नाव लिहिलं आहेस, वच्छला ताराचंद, वय नऊ. माझ्या हजेरीत अनुसया ताराचंद होती. ही तिची बहीण, नंतर झालेली. वस्तीजवळ मुलींची दुसरी शाळा नाही म्हणून तिची आई तिला त्याच शाळेत पाठवते आणि स्वतः भिंतीला कान लावून उभी राहते, की ह्या वेळी पोर ओरडली तर आपल्याला ऐकू यावं. तिला तू शनिवारी घरी पाठवणार होतीस, उत्तरा, आणि तिच्या पोरीला त्याच खोलीत बसवणार होतीस, आवाज करू नकोस असं सांगून. तसं करू नकोस. वच्छलेला पहिल्या बाकावर बसव, तिला काय विचारायचं ते विचारू दे, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण. गुण जातील, जाऊ देत. डाव्या हाताची ती युक्ती आजच्या आज बंद कर. आणि त्या बाईला झाडाखालून हलवू नकोस. शनिवारी पहिल्या मोटारीने मी येते आहे, नऊपर्यंत पोचेन, तुझा पाठ तेव्हा संपला असेल. मी वर्गाकडे आले नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, मी आधी झाडाखाली जाणार आहे. कुलूप बरोबर आणते आहे. बाबाराव कुठे असतो तेही तिलाच विचारीन. अकरा वर्षांपूर्वी तिने जे विचारलं त्याचं उत्तर तिला द्यायचं आहे, की तुझी पोर ओरडली नाही रुख्माबाई, शेवटपर्यंत नाही ओरडली, कारण आवाज करू नकोस असं तिला मी सांगितलं होतं.

त्यानंतरही मावशी म्हणावंसं वाटलं तर
तुझीच,
इंदूमावशी